अनुभव धागा: रीत जुनी, घर नवं. नेमकं कुठे अडतं?

उंबरठा (धागाकर्ती)

जुनं-नवं हा वाद आपल्याकडे "तुम्हाला काही पाळायचंच नाही" आणि "तुम्ही बुरसटलेले" या दोन वाक्यांपलीकडे क्वचितच जातो. खरी गंमत अशी, की मूळ रीतीत नक्की काय लागतं आणि कोणती गोष्ट नुसती त्या काळची सोय होती, हे दोन्ही बाजूंना सहसा धड माहीत नसतं. म्हणून ज्यांनी ही कामं हाताने केली आहेत किंवा रोज करतात त्यांनी लिहावं, ही विनंती. काय, किती, कसं, आणि कुठे बिघडतं. "आमची आजी असं करायची" या आठवणींसाठी वेगळा धागा काढू. इथे कृती हवी.

शाडूवाला

गणपतीपासूनच सुरू करतो. पीओपीची मूर्ती नदीत नको, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे 2020 च्या मार्गदर्शक सूचनांपासून स्पष्ट आहे. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपी मूर्ती घडवायला आणि विकायला वाट दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको, हे कायम ठेवलं. त्यामुळे घरच्या मूर्तीसाठी शाडू हा सरळ मार्ग. त्यातही लोक फसतात, आणि त्याच त्याच चार जागी फसतात.

आठ-नऊ इंची मूर्तीला ओली माती साधारण 3 ते 4 किलो धरा. कोरडी पावडर आणली असेल तर किलोला 300 मिलीच्या आसपास पाणी, तेही एकदम न ओतता. मळून झाल्यावर ओल्या कापडात रात्रभर ठेवायची. या मुरवण्याला फाटा दिला की बोटाखाली माती चिरते.

तडे का जातात? शाडू वाळताना आक्रसतो. आत तार, काडी किंवा बाटली घातली तर ती आक्रसत नाही, मग माती तिच्याभोवती फाटते. दुसरं कारण म्हणजे असमान जाडी. पोट भरीव आणि कान पातळ असेल तर कान आधी वाळून सुटतो. बैठक खालून कोरून भिंत दोन-तीन सेंटिमीटरची ठेवा. तिसरं, हात-सोंड चिकटवताना दोन्ही बाजू सुरीने खरवडून मधे मातीची पातळ रबडी लावायचीच. नुसतं पाणी लावून चिकटवलेला हात वाळताना गळतो. चौथं, ऊन किंवा पंखा. सावलीतच वाळवा, पहिला दिवस वरून प्लास्टिकचा कागद सैल टाकून. श्रावणातल्या दमट हवेत दहा-बारा दिवस लागतात, म्हणून हरतालिकेच्या आधल्या आठवड्यात मूर्ती करायला बसू नये.

रंग: गेरू, हळद, पोस्टर कलर. ऑइल पेंट किंवा वर वॉर्निश मारलंत तर मूर्तीवर पाणी न शिरणारं साल तयार होतं आणि बादलीत ती तशीच बसून राहते. शाडू घेतल्याचा उपयोगच गेला.

विसर्जनाआधी निर्माल्य, जानवं, मोत्याच्या माळा काढा. बादली एवढी मोठी, की मुकुट पाण्याखाली जाईल. मूर्ती पूर्ण वाळलेली असेल तर काही तासांत ढासळते. आतून ओलसर राहिलेली मूर्ती मात्र दोन दिवस झाले तरी लगदा होत नाही, कारण कोरड्या मातीत पाणी झपाट्याने शिरतं आणि ती फुटते, ओल्या मातीत शिरायला जागाच नसते.

आणि ते पाणी बाथरूमच्या जाळीत ओतू नका! सोसायटीचा प्लंबर दरवर्षी अनंत चतुर्दशीनंतर कुठे असतो, विचारा. दोन दिवस गाळ बसू द्या, वरचं पाणी काढा, खालची माती जुन्या चादरीवर पसरा. पुढच्या वर्षी तीच चालते. कुंडीत घालायची असेल तर शाडू नव्हे, लाल मातीची मूर्ती घ्या. शाडूत झाडाला खायला काही नाही, उलट कुंडीचा निचरा बंद पडतो.

रसायनी

पीओपीची मूर्ती घरात आधीच आली असेल तर? अमोनियम बायकार्बोनेट. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत बसवली आणि पालिकेने त्याची पाकिटं वाटली. प्रमाण साधं आहे: मूर्तीचं जेवढं वजन, तेवढी पावडर. हे अंदाजाने ठरवलेलं नाही. भिजून घट्ट झालेल्या पीओपीच्या 172 ग्रॅमना 158 ग्रॅम बायकार्बोनेट लागतं, म्हणून समसमान घेतलं की थोडं शिल्लक उरतं. आधी पावडर पाण्यात विरघळवायची, मग मूर्ती ठेवायची, दर दोन-तीन तासांनी ढवळायचं. दोन दिवस धरून चाला. खाली खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट बसतो, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं. ते खत आहे, पण भरपूर पाणी मिसळूनच झाडांना द्यायचं, नाहीतर मुळं करपतात.

बिघडतं ते दोन कारणांनी. रंगाचा थर जाड असेल तर आधी ओल्या कपड्याने किंवा पॉलिश पेपरने तो काढावा लागतो. आणि बंद बाल्कनीत केलं तर अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरतात. झाकण घट्ट लावू नका, वायू सुटतो.

दर्भासन

पौरोहित्य करतो म्हणून एक भर. "बादलीत देव बुडवायचा का" हा प्रश्न दरवर्षी येतो. पार्थिव पूजेत प्राणप्रतिष्ठा असते तशी उत्तरपूजा असते. "यान्तु देवगणाः सर्वे" म्हणून अक्षता वाहिल्या आणि मूर्ती जागेवरून किंचित उत्तरेला सरकवली, की आवाहन केलेलं दैवत परत गेलं. त्यानंतर उरते ती माती, आणि माती पाण्यात मिळवायची आहे. पाणी नदीचंच हवं असा आग्रह विधीत नाही. लोक नेमकी उत्तरपूजाच गाळतात, आरती करून थेट निघतात, आणि मग बादलीवरून भांडतात.

मंडळांना उंचीचा सोस आहे. पाच-सहा फुटी शाडूची मूर्ती उचलून नेणं दुरापास्त. तिथे जुनाच तोडगा चांगला आहे: मोठी मूर्ती कायमची ठेवायची, पूजेची लहान मूर्ती मातीची करायची आणि तिचंच विसर्जन करायचं. पुण्यात कितीतरी मंडळं हेच करतात.

कटाची आमटी

पुरण. पाटा-वरवंट्याची भक्ती मी समजू शकते, पण मिक्सरमुळे पुरण बिघडत नाही. चुकीच्या वेळी फिरवल्यामुळे बिघडतं.

हरभरा डाळ एक वाटी, चार तास भिजवून कुकरला चार-पाच शिट्ट्या. डाळ बोटात चिरडली की मधे कणी लागता कामा नये. कट पूर्ण निथळा, चाळणीत दहा मिनिटं तरी. डाळ गरम असतानाच, पाण्याचा थेंबही न घालता, थांबत थांबत फिरवा. मग कढईत एक वाटी चिरलेला गूळ घालून मध्यम आचेवर आटवा. उलथणं पुरणात उभं राहिलं की झालं. वेलची-जायफळ खाली उतरवल्यावर.

गार डाळ फिरवली तर गोळे होतात आणि लोक मग पाणी घालतात, तिथेच सैल पडतं. गूळ आधी घालून शिजवलेलं पुरण मिक्सरमध्ये घातलं तर भांड्याला चिकटून पातं जड फिरतं आणि मोटार तापते. पुरणयंत्राचा खरा फायदा बारीकपणा नव्हे. त्याच्या जाळीतून अर्धकच्ची डाळ खाली येतच नाही. मिक्सरला असा राखणदार नाही, त्यामुळे लाटताना एक कणी पोळी फाडते. मिक्सर वापरणाऱ्यांनी पुरण एकदा चाळणीवर घासून काढावं, मग फरक ओळखून दाखवा!

सैल झालंच तर परत कढईत घालून आटवणे हा एकच उपाय. बेसन घालू नका, चव मरते.

कथील

तांब्या-पितळेची भांडी परत घरात यायला लागली आहेत, बरं वाटतं. पण घेणाऱ्यांना कल्हई म्हणजे काय हे माहीत नसतं. पितळेत ताक, आमटी, चिंचेचा सार ठेवला की कळकतो, म्हणून आतून कथलाचा थर देतात. भांडं तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील फिरवायचं. कथील 232 अंशाला वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही आणि त्यात कडकडीत फोडणी करायची नाही. भात, वरण, खीर, दूध यांना उत्तम. तारेची घासणी बंद, राख किंवा मऊ काथ्या चालेल. आतून पिवळं-तांबडं दिसायला लागलं की परत कल्हई.

काही जण कथलात शिसं मिसळतात, ते स्वस्त पडतं. तपासायचं असेल तर कारागिराकडची कांडी कागदावर घासा. काळपट रेघ उठली तर त्या कांडीत शिसं आहे. शुद्ध कथलाची कांडी वाकवताना बारीक करकर ऐकू येते. आणि हो, इंडक्शनवर तांबं-पितळ तापत नाही. ते दुकानदार सांगत नाही.

सातवं पाऊल

लग्नाविषयी लिहिते, कारण इथे परंपरा आणि कायदा एकमेकांत अडकले आहेत आणि लोक दोन्हीकडून गाफील असतात.

"आम्ही विधी करणार नाही, फक्त रजिस्टर करणार." छान. पण मग विशेष विवाह कायदा, 1954 खाली करा. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात निदान 30 दिवस वास्तव्य हवं. नोटीस द्यायची, ती कार्यालयात लागते, 30 दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न लावायचं. ही मुदत टळली तर पुन्हा पहिल्यापासून. हॉल आधी बुक करून मग नोटीस द्यायला जाणारी जोडपी इथे हमखास अडकतात. आंतरधर्मीय लग्नाला, कोणीही धर्म न बदलता, हाच सरळ रस्ता आहे.

हिंदू विवाह कायदा, 1955 खाली लग्न हवं असेल तर विधी टाळून नुसतं प्रमाणपत्र चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये हे स्वच्छ सांगितलं: विधी झालेच नसतील तर नोंदणीने लग्न होत नाही. कलम 7 प्रमाणे वधू किंवा वर यांच्यापैकी कोणाच्याही रूढीचा विधी चालतो. त्यात सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. म्हणजे फोटोग्राफरला सांगा, की वरमाला सतरा कोनांतून नको, सप्तपदी सलग टिपा.

काय ठेवायचं, काय नाही, यावर घरात जुंपते ती बहुधा कन्यादानावरून. कायद्याला कन्यादान लागत नाही. ते वगळून पाणिग्रहण, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी एवढं ठेवलं तर अर्थ सांगत सांगत तास-सव्वा तासात होतं. ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीत मंत्रांचा मराठी अर्थ सांगतात, पौरोहित्याला स्त्रियाही असतात. ज्यांना भटजीच नको त्यांच्यासाठी सत्यशोधक पद्धत आहे आणि ती आजची नाही. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज 24 सप्टेंबर 1873 ला स्थापला आणि त्याच वर्षी डिसेंबरात अशी पहिली लग्नं लागायला सुरुवात झाली. म्हणजे "आधुनिक" म्हणून जे टाळायचं म्हणता ते दीडशे वर्षांचं जुनं आहे.

नोंदणीच्या नमुना 'ड' अर्जावर लग्न लावणाऱ्याची सही लागते. पुरोहित असोत वा सत्यशोधक कार्यकर्ते, सही मांडवातच घ्या. नंतर माणूस सापडत नाही.

व्यावहारिक एकच: वातानुकूलित हॉलमध्ये होम असेल तर धूर ओळखणारा अलार्म कोण बंद करणार हे आधी लेखी ठरवा. कुंड लहान, समिधा पूर्ण वाळलेल्या, तूप थोडं थोडं. ओली समिधा म्हणजे धूर, आणि मग लाजाहोमाला घंटा.

दर्भासन

@सातवं पाऊल, कन्यादान वगळायला माझा विरोध नाही, पण ते यजमानांनी आदल्या दिवशी ठरवावं. मांडवात मामा उभे असताना नव्हे. ऐनवेळी वगळलं की संकल्पातले शब्दही बदलावे लागतात. ते लक्षात राहत नाही आणि मग गुरुजींच्या तोंडून सवयीने जुनंच येतं.

तिथीमिती

परदेशातल्या मंडळींसाठी. "कालनिर्णयात आज चतुर्थी आहे, आमच्याकडे कधी?" यावर व्हॉट्सॲपवर युद्धं होतात. तिथी संपण्याचा क्षण सगळ्या जगात एकच असतो, फक्त घड्याळ वेगळं. पंचांगातल्या भारतीय वेळेतून न्यू जर्सीला उन्हाळी वेळेत साडेनऊ तास वजा करा. समजा तृतीया भारतात दुपारी 3 ला संपते. तिकडे तेव्हा त्याच तारखेची पहाटेची साडेपाच. म्हणजे सूर्योदयाला तिथे चतुर्थी लागलेली आहे.

गणेश चतुर्थीला मध्यान्ह धरतात, सूर्योदय नव्हे. दिवसाचे पाच भाग करायचे, तिसरा भाग मध्यान्ह. सूर्योदय 6:30, सूर्यास्त 7:10 असेल तर दिवस 760 मिनिटांचा, एक भाग 152 मिनिटं, म्हणजे मध्यान्ह 11:34 ते 2:06. या वेळेत जिथे चतुर्थी आहे तिथे त्या दिवशी गणपती. वरच्या उदाहरणात भारतात मध्यान्ही तृतीयाच आहे, त्यामुळे भारतात गणपती दुसऱ्या दिवशी आणि न्यू जर्सीत एक तारीख आधी. दोघंही बरोबर.

चूक होते ती दोन जागी: उन्हाळी-हिवाळी वेळेचा एक तास विसरणे, आणि ॲपमध्ये गाव मुंबईच राहणे. मंडळाचा उत्सव शनिवारी ठेवायला शास्त्राची ओढाताण करू नका. घरचा गणपती तिथीला, मंडळाचा शनिवारी, असं सरळ जाहीर करावं.

शिरोळ तालुका

वर सगळं पुरण आणि पंचांग चाललंय, ठीक आहे. पण रीत सगळ्यात जास्त टोचते ती नवरा गेलेल्या बाईला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने 4 मे 2022 ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं.

ठराव करणं सोपं आहे. ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी, गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती. आधी महिला सभा घ्या, ठराव तिथून आला तर ग्रामसभेत पुरुष गप्प बसतात. ठरावात "अनिष्ट प्रथा" असं मोघम लिहू नका, एकेक कृती नावाने लिहा.

ठराव कागदावरच का राहतो? कारण बांगड्या फोडायला सरपंच येत नाही, भावकीतल्या दोन-तीन वयस्क बायका पुढे होतात, तेही तिरडी उचलायच्या घाईत. त्या वेळी बाईला "तुला काय हवं" विचारणं म्हणजे तिच्यावरच ओझं. म्हणून चार-पाच बायकांचा गट आधी ठरलेला हवा. मयताची बातमी आली की त्यातल्या दोघींनी तिच्या दोन बाजूंना बसायचं आणि दहाव्यापर्यंत रोज कोणीतरी असायचं, कारण पहिल्या दिवशी टळलेलं दहाव्याला घाटावर करायचा प्रयत्न होतो. ठरावाला शिक्षेची ताकद नाही. पण प्रथा मोडली म्हणून कुणी कुटुंबाला वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा, 2016 आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शहरातल्यांसाठी: संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणात "सर्व महिलांनी यावे" एवढं पुरत नाही. विधवा बाई ते वाचून येत नाही, तिला ते आपल्यासाठी वाटतच नाही. घरी जाऊन, नाव घेऊन बोलवावं लागतं. आणि वाण सगळ्यांना एकच. तिला वेगळी पिशवी दिलीत तर न बोलावलेलं बरं.

नऊवार

छोटंसं. शिवलेली नऊवारी दोन मिनिटांत नेसून होते, पण महागडी पैठणी कापू नका. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, एकदा कापलं की पुढच्या पिढीला नुसते तुकडे उरतात. नेसवून झाल्यावर कासोटा, कमरेची चूण आणि खांदा इथे हाताने टाके घालून घ्या, कार्यक्रम झाला की उसवा. शिवूनच हवी तर कॉटन-सिल्कची घ्या आणि कमरेला दोन-तीन इंच माया ठेवायला सांगा.

नेत्रपेढी

नेत्रदान हा मर्तिकाच्या घरात बोलायला अवघड विषय आहे, पण उशीर झाला की संपलं. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, जितकं लवकर तितकं चांगलं. पंखा बंद करा, पापण्या मिटवून वर ओला स्वच्छ कापूस ठेवा, डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच ठेवा. लगेच नेत्रपेढीला फोन करा, पथक घरी येतं. अर्ध्या तासाच्या आसपास काम. चेहरा विद्रूप होत नाही, दर्शनाला अडचण नाही. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, वय यांपैकी काहीही आड येत नाही. मृत्यूचा दाखला तयार ठेवा. नेत्रदानाचं इच्छापत्र भरलेलं असो वा नसो, जवळच्या नातेवाइकांची संमती लागतेच.

देहदानाचं गणित वेगळं. शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्गजन्य आजारांचा देह वैद्यकीय महाविद्यालय घेत नाही. नेत्रदान झालेला देह मात्र घेतात. महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात आधी विचारून ठेवा, कारण एकाने नाकारलं तर त्याच रात्री दुसरं शोधावं लागतं.

उंबरठा

@दर्भासन, देहदान केलं तर दहाव्या-तेराव्याचं काय? हा प्रश्न मला व्यक्तिगत निरोपात चौघांनी विचारला.

दर्भासन

दहाव्यापासूनचे पिंड, अकरावा, बारावा, तेरावा होतात. देह समोर असण्याशी त्यांचा संबंध नाही. अडचण फक्त दाह आणि अस्थींची. देह सापडलाच नाही, तर दर्भाची किंवा पळसाच्या देठांची प्रतिकृती करून दाह करायचा पालाशविधी पूर्वीपासून आहे. काही गुरुजी देहदानालाही तोच करतात, काही म्हणतात देह हरवलेला नाही, दिलेला आहे, तर त्याची गरज नाही. मी दुसऱ्या मताचा. घरातल्या वडीलधाऱ्यांचं समाधान होत नसेल तर करतो, तासाभराचं काम आहे. मात्र महाविद्यालयाची गाडी दारात उभी असताना हा प्रश्न काढू नका. नेत्रपेढीचा नंबर लिहून ठेवता, त्याच कागदावर गुरुजींशी काय ठरलं तेही एका ओळीत लिहा.